बोटभर पातं

रोपवाटिकेत माझ्या हातात यायचा तो सात नंबर.
मुठीवर लाल रंगात आकडा; सकाळी सही करून घ्यायचा,
पाच वाजता पुसून परत.
अकरा वर्षं मी काजूची कलमं बांधली
दुसऱ्याच्या पात्यानं.
एका ओढीत खुंट कापायचा, दुसरीत चिरायचा,
काडीला पाचर, दोन्ही बाजूंनी सारखी.
हात अडखळला की कलम काळं पडतं,
आणि तेव्हा नाव माझं लागतं, सात नंबरचं नाही.

म्हणून पगाराच्या शनिवारी
वेंगुर्ल्याच्या बाजारात मासळीकडे न वळता
पास्कू सोजांच्या दुकानाची पायरी चढले.
"कोणाक व्हयो? घोवाक?"
"माका."
तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.
काचेखालून पुठ्ठ्याचा खोका काढला.
आत वर्तमानपत्रावर सतरा-अठरा चाकू झोपलेले,
पाय पोटाशी घेऊन.

एक लाल मुठीचा, त्यात कात्री, बूच काढायचा स्क्रू, दातकोरणं.
एवढं बिऱ्हाड मला नको.
एक बटण दाबलं की उसळणारा.
असले चाकू रात्रीच्या माणसांचे.
एक पितळी, देखणा, पण त्याची नखाची खाच इतकी बारीक
की माझं अंगठ्याचं नख, चिकानं खाल्लेलं,
तीत शिरेचना.
"ह्यो घे, गंजाचो नाय."
गंजत नाही त्याला धारही धरवत नाही.
खाऱ्या वाऱ्यात राहायचं आणि कधी काळं पडायचं नाही,
असं पातं मी तरी पाहिलेलं नाही.
माणूसही नाही.

तळाशी एक होता. शिसवी मूठ, एक खिळा जरा वर आलेला,
पातं माझ्या तर्जनीएवढं, साधं पोलाद.
उघडताना आधी हट्ट, मग शेवटाला
टक्,
जिभेनं टाळूला लावावं तसं.
हलवून पाहिला. मान डुलत नव्हती.
सोजानं सुतळी दिली, कापली. जुनी पावती दिली, कापली.
मग मी पिशवीतून पेरूची काडी काढली
(घरूनच आणली होती, त्यासाठीच)
आणि एक ओढ.
काप ओला, सपाट, कुठेही चेंगरलेला नाही.
सोज चष्मा वर करून काडीकडे बघत राहिला,
चाकूकडे नाही.

दीडशे सांगितले, एकशे तीसला दिला.
हातात नाही दिला, काउंटरवर ठेवला;
धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं.
मी उचलला. मिटला.

विळी पाटाला जखडलेली, उठता येत नाही तिला.
कोयता आकडीला, बापयांच्या कमरेला,
चालताना सगळ्या वाडीला दिसणारा.
हाच एक असा, की काम झालं
की आपली धार आपल्याच पोटात घेऊन गप्प बसतो.
तो मला ओळखीचा वाटला,
आणि ओळखीचा वाटला याचा थोडा रागही आला.

बाहेर आल्यावर कळलं, ठेवायचा कुठे?
खिशातला चाकू म्हणतात. साडीला खिसा नाही.
एसटीत तो मुठीतच राहिला, घामानं ऊन झालेला.
शेजारची म्हातारी म्हणाली, "वखदाची डबी काय गो?"
"होय," म्हटलं.

रात्री त्यानंच जुन्या परकराची शिवण उसवली,
हातभर कापड फाडलं,
आणि मी नव्या परकराला आतून टाके घातले, उजव्या बाजूला.
चाकूचं पहिलं काम: चाकूचा खिसा.

सोमवारी रजिस्टरात सात नंबरपुढे सही केली नाही.
मुकादम म्हणाला, "द्रौपदी, आज काम नाय?"
मी कमरेतून काढला. टक्.
त्यानं एकदा पाहिलं, आणि पुढचं नाव पुकारलं.

त्या दिवशीच्या कलमांचं काय होईल, अजून ठाऊक नाही.
फुटवा यायला तीन आठवडे लागतात.
पातं मात्र कडेला काळं पडू लागलंय, चिकानं.
संध्याकाळी रॉकेलच्या फडक्यानं पुसते,
पण सगळं काही पुसत नाही.